पाठव्यसन

विद्यारण्यस्वामींनी ‘जीवन्मुक्तिविवेक’ या आपल्या ग्रंथात मुक्तीच्या वाटेत आडव्या येणाऱ्या तीन वासना सांगितल्या आहेत : लोकवासना, देहवासना आणि शास्त्रवासना. पहिल्या दोन वासनांविषयी कोणाही संसारी माणसाची तक्रार असण्याचे कारण नाही; लोकांनी आपल्याला बरे म्हणावे ही इच्छा आणि आपला देह सुखात राहावा ही इच्छा, या दोन्ही माणसाला जखडून ठेवतात हे ज्याच्या त्याच्या अनुभवाला पटते. तिसरीपाशी आले म्हणजे मात्र ज्याचे अवघे आयुष्य पुस्तकांच्या संगतीत गेले आहे अशा मनुष्याला थबकावे लागते. कारण शास्त्रवासनेचे जे तीन पोटभेद स्वामींनी केले आहेत त्यांतील पहिलाच पाठव्यसन हा आहे, आणि त्याचे उदाहरण म्हणून त्यांनी कोणा आळशी विद्यार्थ्याला अथवा पोटार्थी पंडिताला उभे केलेले नाही, तर प्रत्यक्ष भरद्वाज ऋषीला उभे केले आहे.

कथा मूळ तैत्तिरीय ब्राह्मणातील. भरद्वाजाने एकापाठोपाठ तीन आयुष्ये ब्रह्मचर्याने राहून वेदाध्ययनात वेचली. तिसऱ्या आयुष्याच्या अखेरीस तो जराजर्जर होऊन पडून असता इंद्र त्याच्याजवळ आला आणि त्याने विचारले की, तुला आणखी एक, चौथे आयुष्य दिले, तर त्याचे तू काय करशील? भरद्वाज म्हणाला, तेही अध्ययनातच घालवीन. तेव्हा इंद्राने त्याला पूर्वी कधी न पाहिलेल्या अशा पर्वतप्राय तीन राशी दाखविल्या, प्रत्येकीतून एकेक मूठ उचलली आणि सांगितले की, हे वेद आहेत, यांना अंत नाही. तीन आयुष्यांत तुझ्या पदरी पडले ते एवढेच, बाकीचे सारे तुला अजून अज्ञातच आहे.

मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, ज्याने लहानपणापासून वाचण्याखेरीज दुसरा छंद जाणला नाही, त्या माझ्यासारख्याला ही कथा प्रथम वाचली तेव्हा भरद्वाजाचे उत्तर फारच गोड वाटले होते. मृत्यू उशाशी येऊन बसला असताही ज्याची विद्येची ओढ ढळत नाही असा तो थोर पुरुष, एवढाच अर्थ मी घेतला. त्याच उत्तरात विद्यारण्यांना रोगाचे लक्षण दिसले, हे ध्यानात येण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली. आणि एकदा ते दिसल्यावर प्रश्न टाळणे शक्य राहिले नाही : वाचनाची ही जन्मभराची ओढ धर्माच्या बाजूची, की बंधनाच्या? जे आपण स्वाध्याय म्हणून मिरवतो ते वस्तुतः एका तृष्णेला दिलेले सोज्ज्वळ नाव तर नव्हे?

या प्रश्नाचा विचार ग्रंथांतरीच्या वचनांनी होण्यासारखा नाही. तो आपापल्या आयुष्याच्या रोजनाम्यावरूनच करावा लागतो.

माझे वडील रेल्वेच्या कचेरीत कारकून होते आणि बदलीने मद्रासेस आले ते येथलेच झाले. पुरसवाक्कम भागात आमचे बिऱ्हाड होते. घरात मराठी पुस्तके एका पत्र्याच्या ट्रंकेत मावतील इतकीच. शाळेत तमिळ आणि इंग्रजी. त्यामुळे मराठी अक्षर हे माझ्या दृष्टीने घराच्या चार भिंतींच्या आतले, आणि म्हणूनच अधिक जवळचे, असे काही होते. ट्रंकेतील पुस्तके संपली की मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचीत असे. पंचांगातील संवत्सरफल, औषधांच्या वेष्टनावरील मजकूर, गावाहून आलेल्या वस्तूंभोवती गुंडाळलेले जुने वर्तमानपत्र, अक्षर दिसेल तेथे डोळा जाई. मुलाच्या ठिकाणी ही जी भूक असते तिच्यात अहंकार नसतो आणि हेतूही नसतो. पोटाच्या भुकेला पाप-पुण्य नाही, तसेच हिलाही नाही. मला वाटते, विद्यारण्यांचा आक्षेप या अवस्थेवर नाही.

आजीची दृष्टी अधू झाली होती. चातुर्मासात ती श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ लावी आणि वाचावयास मला बसवी. तांबड्या फडक्यातून सुट्या पानांची पोथी निघे, पाटावर मांडली जाई, समईची वात सारली जाई, आणि मी ओव्या म्हणू लागे. शेजारच्या तमिळ मामी तेवढ्यात हातातले काम घेऊन येऊन बसत. त्यांना मराठी येत नसे, तरी त्यांचा नेम चुकत नसे. कथा रंगात आली की पुढे काय झाले ते कळण्याची मला अनावर घाई होई, ओठ हलत राहत आणि डोळे चार ओव्या पुढे धावत. आवाजातला तो फरक आजीला बरोबर कळे. ती हात वर करून म्हणे, “थांब जरा. तू पुढं पळालास, मी इथंच आहे. आणि मामींना तर अजून काहीच कळलं नाही.” मग ती आपल्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मामींना त्या ओवीचा अर्थ सांगे, मामी त्यावर त्यांच्याकडची कृष्णाची एखादी गोष्ट सांगत, तिचा अर्थ आजी मला मराठीत सांगे, आणि मग कोठे पुढच्या ओवीला परवानगी मिळे. एका अध्यायाला दोन-दोन संध्याकाळी लागत. त्या वयात मला तो खोळंबा असह्य वाटे. आज मागे वळून पाहता वाचन म्हणजे काय याचे जे काही शिक्षण मला मिळाले त्यातले निम्मे त्या खोळंब्यात मिळाले, असे मी निःशंकपणे म्हणेन.

तारुण्यात ही भूक बदलली. कॉलेजच्या दिवसांत सेंट्रल स्टेशनालगतचे मूर मार्केट हे माझे तीर्थक्षेत्र झाले होते. १९८५ साली आगीत भस्मसात झालेल्या त्या तांबड्या इमारतीच्या आवारात जुन्या पुस्तकांच्या दुकानांची जी रांग होती तिच्यापुढे उभे राहून तासन्‌तास वाचावे, दुकानदाराने हटकले म्हणजे पुढच्या दुकानी जावे, असा क्रम असे. तेथे मी प्लेटो पाहिला, तेथेच मॅक्सम्युल्लरने संपादिलेल्या ग्रंथमालेचे सुटे खंड पाहिले. पण या वाचनात एक नवी गोष्ट शिरली होती : वाचलेल्या पुस्तकांची मनात ठेवलेली नोंद. अमुक वाचले, तमुक राहिले. अमक्याने वाचले आणि मी नाही, ही बोच. मी वाचले आणि त्याने नाही, हे समाधान. ग्रंथ हा माझ्या मिळकतीचा भाग होऊ लागला. विद्यारण्यांनी शास्त्रवासनेच्या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून दुर्वासाची जी गोष्ट सांगितली आहे ती या अवस्थेची होय. नाना शास्त्रांच्या पुस्तकांचा भार घेऊन दुर्वास महादेवाच्या सभेत आला, नारदाने त्याची तुलना भार वाहणाऱ्या गाढवाशी केली, तो संतापला, आणि त्या संतापातच त्याने ती पुस्तके खाऱ्या समुद्रात फेकून दिली. मग महादेवाने त्याला आत्मविद्येकडे वळविले. समुद्र मद्रासेत कोणालाच दूर नाही. एकदा मरीना किनाऱ्यावर बसलो असता ही कथा आठवून मला जो विषाद झाला तो विसरण्यासारखा नाही.

त्याच सुमारास जे. कृष्णमूर्तींची व्याख्याने ऐकण्याचा योग आला. ग्रीनवेज रोडवरील वसंत विहाराच्या आवारात, झाडांखाली, संध्याकाळच्या वेळी ते बोलत. पुस्तकांतून, गुरूंकडून, परंपरेकडून घेतलेले ज्ञान हे उसने असते आणि उसन्या ज्ञानावर जगणारा मनुष्यही उसनाच होतो, हा त्यांचा प्रतिपाद्य विषय सर्वश्रुत आहे. त्यांच्या वाणीत कठोरपणा होता, पण तो आघात करण्यासाठी नव्हता. समोरच्याने जागे व्हावे अशी तळमळ त्यात स्पष्ट जाणवे. अड्यार नदीच्या उत्तरेला हे बोल उच्चारले जात होते आणि दक्षिणेला, ज्या थिऑसॉफिकल सोसायटीत त्यांचे बालपण गेले तिच्या आवारात, कर्नल ऑल्कॉट यांनी १८८६ मध्ये स्थापिलेले अड्यार ग्रंथालय ताडपत्रांवरील आणि कागदावरील हजारो पोथ्या जतन करीत उभे होते. एकीकडे ग्रंथ टाकून द्या असे सांगणारा द्रष्टा, दुसरीकडे ग्रंथाचे एक पानही जाऊ नये म्हणून झटणारे पंडित. मी दोहोंकडे जात असे. पुलावरून जाता-येता आपण कोणत्या तीराचे, हा विचार मला सोडीत नसे.

कृष्णमूर्तींचा आक्षेप आपल्या परंपरेला अगदीच अपरिचित आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंडकोपनिषदाने परा आणि अपरा अशा दोन विद्या सांगताना चारही वेदांची गणना अपरा विद्येत केली, तेव्हाच ग्रंथाची मर्यादा ठरून गेली. आमच्या संतांनीही कोरड्या पाठांतराची गय केलेली नाही. तेव्हा ग्रंथ हे साध्य नव्हे, एवढ्यावर सर्वांचे एकमत आहे. वाद उरतो तो याच्या पुढचा. साध्य नसलेल्या वस्तूवर माणसाचे जन्मभर प्रेम असू शकते काय, आणि ते प्रेम निर्मळ राहू शकते काय?

या वादात मला पहिले समाधानकारक उत्तर मिळाले ते वेदान्ताच्या ग्रंथात नव्हे, एका गणिताच्या अध्यापकाच्या कार्यात. शियाळी रामामृत रंगनाथन हे प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत असता १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल नेमले गेले. आरंभी त्या रिकाम्या, निःशब्द जागेत त्यांचे मन मुळीच रमेना. आपल्याला पुन्हा वर्गावर पाठवावे अशी त्यांनी विनंतीही केली होती. पुढे ग्रंथालयशास्त्र शिकण्यासाठी ते लंडनला गेले, तेथील ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली, आणि परतल्यावर चेपाकच्या समुद्राभिमुख विद्यापीठात त्यांनी जो उद्योग आरंभिला त्यातून १९३१ साली त्यांचा पंचसूत्रांचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. ग्रंथ वापरण्यासाठी आहेत, हे त्यांचे पहिले सूत्र. ते त्यांना सुचविले ते त्यांचे जुने गणिताचे गुरू एडवर्ड रॉस यांनी, गप्पांच्या ओघात, असे सांगतात. सूत्र इतके साधे की त्यासाठी ग्रंथ लिहावयास हवा काय असे वाटावे. परंतु त्याचे परिणाम पाहावेत : कपाटे वाचकांना खुली करावी लागली, वेळ वाढवावी लागली, ग्रंथालय गावाच्या मध्यावर यावे लागले. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, या न्यायाने त्याच वर्षी मन्नारगुडी येथे बैलगाडीतून पुस्तके खेड्यापाड्यांत फिरू लागली.

रंगनाथन यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्रांत मला धर्मविचार दिसतो, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. पहिले विधान हक्काचे आहे, कोणीही समाजसुधारक ते करील. दुसरे विधान ऋणाचे आहे. शेल्फावर पडून राहिलेल्या पुस्तकाचेही आपण काही लागतो, त्याचा वाचक शोधून देणे हे कोणाचे तरी कर्तव्य आहे, असे मानणारा मनुष्य ऋषिऋणाची कल्पना नव्या भाषेत मांडीत असतो. आपल्याकडे ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे म्हणतात. पण तैत्तिरीयोपनिषदाची शीक्षावल्ली उघडून पाहावी. तेथे ऋत, सत्य, तप, दम, शम, अतिथिसेवा अशी एकेका कर्तव्याची नावे येतात आणि प्रत्येकाबरोबर स्वाध्याय आणि प्रवचन ही जोडी पुन्हा पुन्हा येते. शेवटी तीन ऋषींची मते सांगून त्यांतील नाक मौद्गल्याचे मत असे दिले आहे की, ही जोडी हेच तप. या यादीत स्वाध्याय एकटा कोठेही आलेला नाही. जे घेतले ते दुसऱ्याला सांगणे हा स्वाध्यायाचा उत्तरार्ध आहे, आणि तो तोडून टाकला म्हणजे पूर्वार्धाचे व्यसन होते. भरद्वाजाने तीन आयुष्यांत काय शिकविले, कोणाला शिकविले, याविषयी त्या कथेत एक अक्षरही नाही.

मराठी मनुष्याला या विचाराची साक्ष काढण्यासाठी मद्रासेबाहेर जाण्याची गरज नाही. १७९३ साली तंजावरहून एक पंधरा वर्षांचा मराठी मुलगा या शहरात आणला गेला. तंजावरचे राजे तुळजाजी महाराज यांनी दत्तक घेतलेला, परंतु त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या अमरसिंगाच्या कारकिर्दीत ज्याच्या शिक्षणाचीच नव्हे तर जिवाचीही शाश्वती उरली नव्हती असा तो मुलगा म्हणजे पुढे ज्यांना आपण सरफोजी महाराज म्हणतो ते. मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या खटपटीने ते येथे आले आणि गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे अध्ययन चालले. बालपण आणि तारुण्य यांच्या सांध्यावरची ती वर्षे या परक्या शहरात, परक्या भाषेतील पुस्तकांत गेली. १७९८ साली त्यांना गादी मिळाली, आणि पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. किल्ला आणि तनखा एवढे महाराजांच्या हाती उरले.

राज्य गेलेल्या राजाने ग्रंथालय वाढविले. ही घटना दोन प्रकारे वाचता येते. कोणी म्हणेल, हे पलायन झाले. हातून गेलेल्या मुलखाची भरपाई त्यांनी कागदाच्या मुलखाने केली, आणि विद्यारण्यांना वासनेचे याहून चांगले उदाहरण मिळाले नसते. सरस्वती महाल या त्यांच्या ग्रंथालयातील इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तकांवर महाराजांची स्वतःच्या हातची सही आढळते. ती पाहिली म्हणजे या आक्षेपात काहीच तथ्य नाही असे म्हणवत नाही. ती सही मालकाची आहे. परंतु त्याच महाराजांनी तंजावरात देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला आणि पुण्यात अजून पेशवाई असताना, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, इसापाच्या नीतिकथा मराठीत उतरवून ‘बालबोधमुक्तावलि’ या नावाने छापून घेतल्या. राज्य गमावलेला राजा पोरांसाठी गोष्टींचे पुस्तक काढतो. काशीयात्रेला निघाले तेव्हा तेथील पंडितांकडून पोथ्यांच्या नकला करवून आणल्या. आणि ज्या संग्रहाला वारसाहक्काच्या कज्ज्यांतून जावे लागले तो अखेरीस १९१८ साली सर्वांना खुला झाला. महाराजांच्या अंतःकरणात काय होते याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्या वाचनातून दुसऱ्याच्या हाती काय पडले, एवढे मात्र आपण पाहू शकतो. मी स्वतः त्या सहीपेक्षा त्या छापखान्याला अधिक पुरावा मानतो.

याच तंजावरात समर्थ संप्रदायाचे मठ होते. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास योजिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, समास किती सोडावा, शाई आणि कागद कसे करावेत, येथवर बारकावे त्यात आहेत. ब्रह्मनिरूपणाच्या ग्रंथात या गोष्टींना स्थान कसे, असा प्रश्न एखाद्याला पडेल. पण नक्कल करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे न जन्मलेला, म्हातारा, मंददृष्टीचा असा कोणी वाचक उभा असावा, त्याच्यासाठी हात जपून चालावा, ही ती शिकवण आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा त्यांच्याही पुढे हाच वाचक होता. नाथांनी ज्ञानेश्वरी किती वेळा वाचली असेल! तरी त्या वाचनाला पाठव्यसन म्हणण्यास कोणाची जीभ धजेल?

सौकारपेठेत सोन्या-चांदीची गलाई करणारी पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी मुलखातून निघून ही माणसे हिंदुस्थानच्या गावोगाव पसरली, तशी मद्रासेतही आली. त्यांच्यापैकी एकाच्या पेढीवर श्रावणात ‘नवनाथ भक्तिसार’ लागतो. खाली दिवसभर भट्टी चाललेली, माळ्यावर जेमतेम माणूस ताठ बसेल एवढी जागा, आम्लाचा उग्र वास भिंतींत मुरलेला. रात्री दुकान बंद झाल्यावर हातपाय धुऊन सारे कारागीर वर जमतात. एक जण ओवी वाचतो, तो वाचक; दुसरा तिचा अर्थ सांगतो, तो सूचक. सूचकाचे शालेय शिक्षण बेताचेच आहे. तरीही मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंतून पडले या भागाशी आला तेव्हा त्याने असा अर्थ सांगितला की, गुरूसुद्धा परमुलखात रमतो आणि त्याला हाक मारायला शिष्याला जावे लागते. गावाकडं म्हातारी माणसं आपल्यालाच हाक मारत्यात, आपल्याला ती ऐकू येत्या का ते बघा. त्यानंतर बराच वेळ वाचकाने पुढची ओवी घेतली नाही. मी त्या पोथीवर विद्वानांचे काही लेख वाचले होते. त्या रात्री जे समजले ते त्या लेखांत नव्हते, आणि मी एकटा वाचीत बसलो असतो तर पोथीतही मला सापडले नसते.

येथे एक शंका घ्यावयास हवी, कारण ती माझी मलाच पुष्कळदा सतावते. दुपारच्या वेळी घरातली कामे आटोपून जी बाई उंबऱ्याशी बसून एखादी कादंबरी वाचते, वाचता वाचता डोळे पुसते, आणि त्याविषयी कोणाला चकार शब्दही सांगत नाही, तिचे वाचन निष्फळ समजावयाचे काय? दिवसाच्या चोवीस तासांत तेवढीच घटका तिची स्वतःची असते. तिला प्रवचनाची अट घालणे हा निर्दयपणा होईल. मी ती घालणार नाही. तिने जे वाचले ते तिच्या बोलण्यात, मुलाला रागे भरता भरता मध्येच आवरलेल्या हातात, सुनेकडे पाहण्याच्या दृष्टीत उतरत असेल, आणि तेही सांगणेच आहे. नसेल उतरत, तर तेवढा विसावा तरी तिला मिळाला आणि विसाव्याला हिशेब मागू नये. माझा सारा युक्तिवाद आमच्यासारख्यांना लागू आहे, ज्यांना आयुष्याने वाचनासाठी सवड दिली, भाषा दिल्या, ग्रंथालये दिली. ज्याला अधिक मिळाले त्याच्याकडे बाकी अधिक.

दुसरी शंका एका वेदान्ती तमिळ मित्राने काढली. तो म्हणाला, दुसऱ्याला सांगण्याची ही हौस म्हणजे लोकवासनाच नव्हे का? एका वासनेतून सुटण्यासाठी तुम्ही दुसरीचा आश्रय करता. आक्षेप खरा आहे, आणि कित्येक व्याख्यात्यांकडे पाहिले म्हणजे तो फारच खरा वाटतो. पण याचे उत्तर विद्यारण्यांच्याच ग्रंथात आहे. योगवासिष्ठाचा आधार घेऊन त्यांनी वासनेचे मलिन आणि शुद्ध असे दोन भेद मानले आहेत. मलिन वासना जन्माला कारण होते, शुद्ध वासना जन्माचा उच्छेद करते. सारी ओढ निपटून काढा असे ते म्हणत नाहीत. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांनी ओढ धुऊन घ्यावी, असे त्यांचे सांगणे आहे. आणि हे सांगण्यासाठी त्यांनी जो ग्रंथ रचला तो श्रुती, स्मृती, पुराणे, योगसूत्रे, वासिष्ठ यांतील वचनांनी ओसंडून वाहत आहे. ज्याने जन्मभर वाचले नाही त्याच्या हातून असा ग्रंथ होणे नाही. त्यांनी आपले वाचन समुद्रात टाकले नाही, ते आमच्या हाती दिले. मूळ ब्राह्मणग्रंथातही इंद्र भरद्वाजाला पोथी मिटावयास सांगत नाही. तीन मुठी दाखवून झाल्यावर तो त्याला सावित्र अग्नीची विद्या शिकवितो, आणि त्या विद्येने ऋषी कृतार्थ होतो. अखेरच्या क्षणीही त्याला कोणीतरी शिकविलेच. विद्यारण्यांनी ज्या प्रयोजनाने ती कथा घेतली ते मला मान्य आहे. पण कथेचा आशय त्या प्रयोजनाहून मोठा आहे, असे माझे मत झाले आहे.

आता वय झाले. एळुंबूरच्या कन्नेमरा ग्रंथालयात अजून जातो. १८९६ साली उघडलेली त्याची जुनी वास्तू, रंगीत काचांच्या छतातून उतरणारा उजेड आणि सागवानी कपाटे पाहून डोळे निवतात, पण माझे काम असते ते मराठी पुस्तकांशी. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांकडे जावी लागते त्यांपैकी हे एक. त्यामुळे मराठी पुस्तकेही या तमिळ नगरीत येऊन पडतात. त्यांतील कित्येकांना येथे वाचक मिळणे दुरापास्त आहे. येथल्या मराठी घरांतील मुले बोलतात मराठी, पण लिपी वाचता येते ती तमिळ आणि इंग्रजी. तंजावरी मराठी कुटुंबांत तर ही स्थिती कित्येक पिढ्यांची आहे. बोली टिकली, बाळबोध अक्षर सुटले, आणि मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही राहिले नाहीत; तिकडे सरस्वती महालातील मोडी दफ्तरांचे रुमाल वाचकाची वाट पाहत आहेत.

म्हणून रविवारी आम्ही काही जण एका घरी जमतो. आमच्यातील एका निवृत्त गृहस्थांना मोडी उत्तम येते. ते शिकवितात आणि आठदहा तरुण मुले-मुली शिकतात. आधी आडवी रेघ ओढावी आणि मग तिला अक्षरे टांगीत जावे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद शोधू नये, शब्द कोठे संपला हे लेखणीने सांगितले नाही तर अर्थाने ओळखावे, इथपासून धडा सुरू होतो. मागच्या वेळी एका जुन्या हिशेबी कागदाची छायाप्रत पुढे होती. त्यात काही तत्त्वज्ञान नव्हते. तांदूळ, तूप, दिव्याचे तेल, कोणा चाकराचा रोजमुरा. तंजावरकडची एक मुलगी आणि सौकारपेठेतला एक मुलगा एका अक्षरावरून हमरीतुमरीवर आले. ती म्हणत होती की हे धान्याचे नाव आहे, तो म्हणत होता की हे माणसाचे. दोघांनी कागद आपापल्याकडे ओढला, मागच्या ओळींतले तसले अक्षर शोधले, तीच ओळ तीन-चारदा मोठ्याने वाचून पाहिली. शिकविणाऱ्या गृहस्थांना उत्तर ठाऊक होते. त्यांनी ते सांगितले नाही, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी आमच्यापैकी कोणी त्या दोघांना थांबविले नाही.